बेटावर साप नाहीत

मंगळवार टोचण्याचा.
खिडकीबाहेर निळी हायड्रेंजिया, तिच्यामागे धुकं,
धुक्यामागे पिकू बेट असेल, असं धरून चालायचं.

एवारिश्तु चीझच्या कारखान्यातून थेट आलाय.
बाहीला दुधाचा आंबूस वास,
तळहातावर काटेरी तारेची जुनी नक्षी.
बिस्किटांच्या डब्यात जपलेली पिवळी वही
तो टेबलावर ठेवतो आणि हात पुसतो.

पहिल्या पानावर एकोणीसशे पासष्ट: पोलिओ.
मग शाई बदलते, सही बदलते,
दहावं वर्ष, पंचविसावं, पंचेचाळिसावं.
मधलं काही वहीत नाही.
लग्न नाही, भूकंप नाही, कॅनडाला गेलेला भाऊ नाही.

शेजारी नात, बेनेदिता, पूर्ण दहा.
तिलाही आज तीच लस, आजोबांचीच,
शिवाय दुसऱ्या दंडात एक,
जिचा उपयोग तिला चाळिशीत होईल
आणि झाला हे कधी कळणारही नाही.
"आधी आजोबा."
"आधी तू."
आणि दोघंही नजर चुकवून भिंतीवरचा तक्ता वाचतात:
दोन महिने, चार, सहा, बारा,
पाच वर्षं, दहा,
गरोदर बाईला डांग्या खोकल्याची, प्रत्येक खेपेला,
म्हाताऱ्यांना फ्लूची, दर हिवाळ्याआधी.

तेवढ्यात तो विचारतो,
"नतेर्सिया असती, तर तिला आता कुठली?"

मोठी बहीण. त्रेसष्टचा हिवाळा, वय सहा.
या बेटावर साप नाहीत, कधीच नव्हते.
घटसर्प तेवढा आला होता,
बोटीनं की वाऱ्यानं, कुणास ठाऊक,
तिच्या गळ्याशी तीन रात्री बसून राहिला.
तिच्या नावाची वही निघालीच नाही.

नसतं काही मनात आणू नका, असं म्हणायला हवं होतं मी.
पण सवयीचं बोट तक्त्यावरून खाली उतरतं.
जन्म सत्तावन्नचा, म्हणजे सदुसष्ट.
"धनुर्वाताची दोन वर्षांपूर्वीच झाली असती," मी म्हणते,
"फ्लूची येत्या ऑक्टोबरात.
पंचाहत्तरीला पुन्हा बोलावलं असतं."

तो मान हलवतो, हिशेब पटल्यासारखी,
आणि बाही वर करतो.

बेनेदिता रडत नाही, चिडते.
कापूस दंडावर धरून दोघं बसतात, अर्धा तास बसायचं म्हणून.
मी वहीत लिहिते: दोन हजार चौतीस.
"सरकारला बरीच खात्री दिसते," एवारिश्तु म्हणतो.
"तार हातमोजे घालून ओढत जा," मी म्हणते.

धुकं जरा हललंय.
पिकू अजून दिसत नाही.