आजोबांपर्यंत

रोममध्ये आज पुन्हा तेच चाललंय.
रेडिओ मी शिक्क्यांच्या डब्यावर ठेवलाय,
ह्या डोंगरात तो तेवढ्या एकाच जागी लागतो.
एक सदस्य म्हणतात, रक्ताला मुदत नसते.
दुसरे म्हणतात, नसेल, पण कचेरीला असते,
कचेऱ्या तुंबल्यात.
मग गलका. घंटा.
मग अध्यक्षबाईंचं खाकरणं,
जे आता मी सख्ख्या बहिणीच्या खोकल्यासारखं
भिंतीपलीकडूनही ओळखेन.

प्रस्ताव एका ओळीचा: आजोबांपर्यंत.
आजोबा इथले, तर नातू इथला.
पणजोबांच्या पुढे दार बंद.
आणि इतक्या वर्षांचं खापर कुणाच्या तरी माथी फोडायचंच,
तर खापरपणजोबा बरे.
ते उठून हरकत घेत नाहीत.

माझ्यासमोर नेलिदा कार्लुचो,
म्हणजे तिचा लिफाफा.
रोसारिओ, आर्जेंटिना. वय एकसष्ट. कवळ्या बनवते.
आमच्या वहीत कार्लुच्चो आहे,
अर्धा च बोटीतून समुद्रात पडला असणार,
किंवा तिकडच्या कारकुनाला जेवायला जायची घाई होती.
(मी कारकून आहे. मला माहीत आहे.)
तिने सगळं जोडलंय: बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू,
आणि कुणी मागितला नसताना एका कोयत्याचा फोटो.
मागे लिहिलंय, वेल छाटायचा, तिकडूनच आणलेला,
अजून धार आहे.
फोटोला रकाना नाही. मी तो टाचणीने लावला.

तळघरातून अठराशे सत्त्याऐंशीची वही
यूनेस वर आणतो. माझा गुडघा जिने मानत नाही.
शाळेने त्याला दोन महिने माझ्याकडे पाठवलंय, काम शिकायला.
तो आमच्यासारखाच शब्दांची शेपटं गिळतो,
मागच्या आठवड्यात आलेल्या तपासनिसाला
त्याचं वाक्य तीनदा ऐकावं लागलं,
आणि मला उगाच अभिमान वाटला.

वही उघडली की आधी उंदरांचा वास, मग शाई.
"ही फुली कसली?"
दोनातो कार्लुच्चोची. त्याला सही येत नव्हती.
"मग तोच हा, हे कसं कळलं?"
दोन साक्षीदार होते. एक न्हावी, एक खाणकामगार.
त्याने फुलीवर बोट ठेवलं, हलकेच,
जसं भाजल्या जागी ठेवतात.
"माझ्या वेळी कोण होतं?"
तुझा बाप, मी म्हटलं. ओल्या रेनकोटातच उभा होता,
फरशीवर तळं झालं. आणि मी.
तुझं नाव मी लिहिलं. परदेशी, तेही मीच लिहिलं.

ह्या वर्षी गावात जन्म दोन, मृत्यू एकोणीस,
आणि समुद्रापलीकडून अर्ज चारशे बारा.
शाळेत आता चीज पिकत ठेवतात.

पाचला मतदान झालं. मंजूर.
काल मध्यरात्रीपर्यंत पोचलेले अर्ज जुन्या नियमाने.
नेलिदाचा पोचला आज सकाळी,
पोस्टमन काल सासऱ्याच्या दफनाला गेला होता.

शिक्का जुना आहे, तारखेला पितळी चाकं.
दिवसाचं चाक नखाने सरकतं,
एक घर मागे, टक्,
तेलसुद्धा लागत नाही.
मी शिक्का हातात धरून बसले होते किती वेळ, कोण जाणे.
रेडिओवर आता हवामान.

यूनेस वही काखेत घेऊन दारात थांबला.
"हे पुढेही फिरतं?"
फिरतं की.
"चौदा महिने?"
चौदा महिन्यांनी तो अठराचा होतो,
तेव्हा त्याला अर्ज करता येईल. फक्त अर्ज.

मी त्याला म्हटलं, जपून उतर,
तिसरी पायरी सैल आहे.
तो म्हणाला, मला ठाऊक आहे.