खुंटा

मनामा. एक्स्चेंजच्या काचेमागे बारा वर्षं.
फलकावरचा हरेक आकडा हलतो,
डॉलरचा तेवढा नाही.
तीनशे शहात्तर फिल्स,
दाव्याला बांधलेला दिनार.

बंदरातली राखाडी जहाजं
या आठवड्यात दोन कमी.
कुठे गेली, कोणी विचारत नाही.
सोनारांनी मात्र मोजलीत.

काल एका चिनी फोरमनने
युआन पुढे सरकवले: चालतील?
मॅनेजरने पहिल्यांदाच
नाही म्हणायला वेळ घेतला.

आणि आज दाऊद पेवेकर, वेल्डर,
पगार मुठीत धरून:
"थांबू का? वाढेल अजून?"

गावी आम्ही खुंटा हलवून बघतो,
घट्ट बसलाय ना.
इथे ढोर गप्प उभं,
खुंटाच निघालाय हिंडायला.

"पाठवून टाक," मी म्हटलं.
का, ते त्यानेही विचारलं नाही.