दुसरी तार

जहाजावर सकाळी अकराला थिएटर रिकामं असतं.
तेव्हा मी शिडी लावून वर चढतो.
एकशे बेचाळीस दिवे, त्यातले सतरा आजारी:
एकाची मान अडकते, एकाचा पंखा घरघरतो,
एकाला निळा म्हटलं की जांभळाच सुचतो.
भिंगांवर मीठ बसतं.
एवढ्या बंद दारांतून ते येतं कसं, देव जाणे.
आधी तोंडाची वाफ, मग सुती फडकं.

शेवटी प्रत्येकाची जादा तार ओढून बघायची.
नट सुटला, क्लॅम्प तुटला, लाट आडवी आली
तरी दिवा खाली कुणाच्या डोक्यात पडता नये.

रात्री नाच.
बोट कलते तशी नाचणारी
उजेडाच्या वर्तुळातून वीतभर बाहेर घसरते,
हसत आत येते.
लोकांना वाटतं, नाचच तसा बसवलाय.

मुंबईहून गोव्याला जाताना पहाटे कधीतरी
डाव्या अंगाला निवतीच्या खडकावरचं दीपगृह दिसतं.
त्याचीही काच कुणी पुसत असेल.
त्याच्यामागे काळोखात आमचं घर.
मी डेकवर जाऊन उभा राहतो.
हातबित हलवत नाही.

यंदा रजा मिळाली ती जत्रेला धरून.
गुणाजी मेतर म्हणाला,
"बोटीवयलो मेस्त्री इलो, आता लायटी हेच्याकडे."
चार हॅलोजन. वायर माझ्या वयाची, दोनदा जोडलेली.
मांडवाच्या वाशांना दिवे आवळले,
आणि हातानं आपसूक
प्रत्येकाला दुसरी तार घातली,
ओढून बघितली.
खाली पोरं फिदीफिदी.
"अरे, देवूळ हलता काय रे?" गुणाजी.

मध्यरात्री दशावतारातला राजा उभा राहिला
माझ्या उजेडात, तलवार टेकून,
पाऊण तास भांडला इंद्राशी.
तसूभर घसरला नाही.
घामानं हिंगूळ ओघळत होता तोही सरळ रेषेत.

मीच हलत होतो.
आठ महिन्यांचे पाय, त्यांना कोण सांगणार
की आता जमीन आहे.
सुरंगीवाली म्हातारी म्हणाली, "बस मरे, घेरी इली?"
बसलो. बसूनही हललो.

उजाडल्यावर दिवे उतरवले, मोजून गुणाजीच्या ताब्यात दिले.
तारा तेवढ्या
वाशांवर राहू दिल्या.