दाराच्या मुठीला अडकवायचं कार्ड

रोज रात्री उशीवर एक कार्ड असतं,
चॉकलेटच्या शेजारी.
उद्याचा नाश्ता. खुणा करा,
अकराच्या आत दाराच्या मुठीला अडकवा.
अंडं कसं हवं? सहा प्रकार.
पाव कोणता? चार.
दूध गाईचं की बदामाचं की ओटचं?

मी चष्मा पुसला.
एकेचाळीस वर्षं ओट्याशी उभी राहिले,
झोपेतून उठवलंत तरी सांगेन
कुणाच्या चहात साखर किती, कुणाला साय चालत नाही,
मधल्या भाऊजींना कांदा दिसता कामा नये, पण लागला पाहिजे.
हे कार्ड मात्र माझ्याकडे बघत बसलं
नव्या जावेसारखं.

“लिही की काहीतरी,” पलीकडच्या पलंगावरून वन्सं म्हणाल्या,
“पेपर आहे होय?”

मी दोघींसाठी लिहिलं : सगळं थोडं थोडं.

पोर्टलंड सोडलं तेव्हा डोंगर हिरवेगार होते.
लॉकमध्ये पाणी भरलं,
बसल्या जागी आम्ही चार मजले वर आलो
आणि पुढे दोन्ही काठ पिवळे होत गेले,
नुसतं गवत, पाठीवरून हात फिरवावा असं.
द डॅल्स नावाच्या गावी बोट बांधली.
संध्याकाळी एका मुलीनं आम्हाला वाइन समजावून दिली :
हिच्यात काळी बोरं आहेत, ओला दगड,
आणि शेवटी, लक्ष दिलंत तर, थोडं चामडं.
वन्संनी ग्लासात अख्खं नाक घातलं.
“खरंच की गं शैला.
चप्पल लाईन. दुपारी दोनची.”

पहिला घोट त्यांनी काढ्यासारखा घेतला.
दुसरा तोंड न वाकडं करता.
तिसऱ्याला त्या मुलीचं नाव विचारलं, लग्न झालंय का विचारलं,
मी त्यांचा पदर ओढला.

मग वर डेकवर, शाल लपेटून,
रिकामा ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाल्या,
“एक सांगू? रागावू नकोस.
मला उप्पीट आवडत नाही.”

मालगाडी चालली होती पलीकडच्या काठानं. मी डबे मोजत राहिले,
ऐंशीच्या पुढे चुकले.

“पण तुम्ही माहेरपणाला आलात की...”
“तू हौसेनं करायचीस, गं. काजू घालून. नाही कसं म्हणू?”
“मी? हौसेनं?
मला रवा भाजतानाचा वासच सोसत नाही, वन्सं.
तोंडावर पदर घेऊन भाजायची.”
“मला वाटायचं धूर होतो.”

शेजारच्या टेबलावरचे नेब्रास्काचे म्हातारा-म्हातारी
वळून बघायला लागले इतक्या हसलो.
हसता हसता हिशोब लावला :
वर्षाचा दीड महिना, एक दिवसाआड,
म्हणजे किती किलो रवा,
किती कढीपत्ता, किती सांडशीचे चटके.
“आणि आमच्या ह्यांना तर पोहेच लागायचे.”
“मग आवडायचं कुणाला?”

दोघी गप्प.
वारा सुटला होता.
कोपऱ्यात कुणीतरी पियानो वाजवत होतं, जुनं, हळू.

त्या रात्री कार्ड वन्संनी ओढून घेतलं.
सगळ्या रकान्यांवरून बोट फिरवलं, कुठेच खूण केली नाही.
तळाला ‘इतर’ अशी अर्धी ओळ होती,
तिथे लिहायला लावलं मला, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात :
हिरवी मिरची. बारीक चिरून. लिंबू.

सकाळी सात वाजता कोल्बी आला,
आयडाहोचा, बावीस वर्षांचा, कानापर्यंत लाल.
चांदीच्या झाकणाखाली एक ताटली,
तिच्यात हालापेन्योच्या जाडजाड चकत्या
फुलासारख्या रचलेल्या,
मधोमध अर्धं लिंबू, त्याला जाळीचं टोपडं.
तो दारातच उभा राहिला,
आम्ही पहिला घास घेईपर्यंत हलेना.

वन्संनी एक चकती चावली.
“मिळमिळीत आहे,” मला म्हणाल्या.
त्याला म्हणाल्या, व्हेरी गुड, बेटा,
आणि ताटली माझ्यापासून जरा लांब सरकवून
सगळी संपवली.