उरलेली वीस

बस, बुरुल. रस्त्यावरचा कोट त्या खुंटीला नको,
ती स्वच्छ बाजूची आहे.
आत-बाशीहून आलीस, म्हणजे थंडीचं तुला सांगायला नको.
या तळघराची खिडकी उघडीच राहते, बाहेर उणे वीस असलं तरी.
वारा आपल्या पाठीकडून यावा, डबीवरून बाहेर जावा.
हे वाक्य परीक्षेत चुकलीस तरी चालेल,
इथे नाही.

आधी थुंकी ओळखायला शीक.
हसू नकोस.
पाणीदार फेस म्हणजे लाळ. परत पाठव, पण ओरडून नाही;
रात्रभर खोकलेल्या माणसाला आणखी लाजवायचं नसतं.
पिवळट, घट्ट, तळाला धरून बसलेलं,
ते आपलं.
काचेवर पसर, दोन सेंटिमीटर बाय तीन.
वाळल्यावर खालचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे त्यातून.
मी अशा काचांतून
किती सरकारं पडलेली वाचली.

मग लाल रंग, खालून ज्योत.
वाफ यावी, उकळी नको,
दुधापाशी उभी राहतेस तशी उभी राहा.
मग आम्ल. सगळ्यांचा लाल उतरतो,
एकाचा उतरत नाही,
मेणाचा अंगरखा घालून बसलेला असतो तो.
वरून निळा.
निळ्यात पहिली लाल काडी दिसेल तेव्हा
तुला आनंद होईल. होऊ दे.
त्याची लाज पुढे आपोआप वाटते.

निगेटिव्ह लिहायचं तर शंभर फिल्ड.
शंभर.
एका फेब्रुवारीत मी ऐंशी पाहिली.
वीज गेलेली, आरशातला उजेड विझत आलेला,
शेगडीवर चहा, आणि शाळेच्या दारात माझा मुलगा.
ऐंशीच्या ऐंशी निळी.
नंबर चारशे बारा: निगेटिव्ह.

मे महिन्यात तोच खोकला पायऱ्या उतरून आला.
ओळखलाच मी, चेहरा कधी पाहिला नव्हता तरी.
मागे दोन मुली,
उंचीप्रमाणे उभ्या, हातात एकेक डबी.
त्यांच्या काचा मीच रंगवल्या.

मला कोणी काही बोललं नाही.
रजिस्टरात अक्षर सुरेख होतं, सही होती.
जुनी काच पेटीत होती; त्याच ओळीने पुढे सरकवली.
ब्याऐंशीव्या फिल्डमध्ये एक.
एक्क्याण्णवाव्यात दोन.

वरच्या मजल्यावर यंत्र आलंय, दोन तासांत सांगतं.
मग हे कशाला शिकायचं, असं विचारशील.
विचार. मीही विचारते, पगाराच्या दिवशी तर हमखास.
औषध लागू पडतंय का, ते अजून काचच सांगते;
आणि वीज, ती नारीनमध्ये आपल्या मर्जीची आहे.
बिश्केकच्या खासगी लॅबमध्ये तिप्पट मिळतात,
तिथे थुंकीला वास नसतो, बारकोड असतो.
तुझ्या वर्गातले चौघं गेले.
तू जाशील तेव्हा शिफारसपत्र मी लिहीन,
चांगलं लिहीन.

हं, तेलाचा एक थेंब.
डोळे दोन्ही उघडे ठेव, मिटलेला आधी थकतो.
ही काच मी काल पाहिलीय. उत्तर सांगणार नाही.
मोठ्याने मोज, मला ऐकू येईल असं.

ऐंशीला मी चहा आणेन.
उठू नकोस.