व्हिर्त्सूच्या धक्क्यावरचा फलक

व्हिर्त्सूच्या धक्क्यावर वारा आडवा येतो.
तिकीटघराच्या मागे, जिथे बर्फावर टाकायच्या मिठाची पोती ठेवतात,
तिथे लीवी बसली आहे,
कोट अंगात तसाच, कीबोर्ड गुडघ्यांवर.
पहाटेचे सव्वाचार.

बाहेरच्या फलकावर बोटीच्या वेळा असायच्या.
काल अपडेट झालं, आणि आता तिथे
डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकते.
बाकी काळोख.

मशीन जागं आहे, हे विशेष.
नाडी लागते. तारीख विचारा, सांगतं,
वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे.
फक्त काचेपर्यंत काही येत नाही.

लॉगमध्ये एकच ओळ, एकशे बारा वेळा:
फाईल सापडली नाही.

फाईल आहे.
लिबमध्ये नाही, लिब-चौसष्टमध्ये आहे.
ड्रायव्हर मात्र यूएसआरच्या आतल्या लिबमध्ये शिरतो,
तिथून एका लांबलचक नावाच्या बोळात,
दार वाजवतो, कोणी ओ देत नाही,
परत येतो आणि तक्रार लिहितो.
काखेत कळसा आहेच;
पण वळसा घालायला इथे गावं चार,
आणि चौघांचं नाव जवळजवळ एकच.

हाइनो दोन वर्षं त्या नियमांच्या समितीवर होता.
आता हीउमाला मधमाश्या पाळतो.
त्याने तिला एकदा सांगितलं होतं:
म्हणे कोणे एके काळी एक डिस्क भरली,
म्हणून उरलेलं सामान शेजारच्या डिस्कवर नेलं, तात्पुरतं.
त्या डिस्क भंगारात गेल्या,
नेणारे पेन्शनीत गेले,
तात्पुरतं तेवढं टिकलं.
मग आम्ही बसलो, आणि तात्पुरत्याचे नियम लिहिले.
‘लोक पाळतात?’
‘पाळतात ना. जो तो आपापले.’

ड्रायव्हर कंपनीचा. झाकणबंद.
आत काय आहे, विचारायचं नसतं.
कर्नल एक पाऊल पुढे गेला की हा रुसतो,
मागे आला तर ओळख देत नाही.
लीवीने तीनदा काढला, चारदा घातला.
एकदा चित्र आलं:
हिरवं, उभं फाटलेलं,
त्यात कुइवास्तूचं पहिलं अक्षर तेवढं शाबूत.
ती त्या अक्षराकडे बघून हसली,
आणि तेही गेलं.

पाच वाजता खिडकीवर टकटक.
दुधाच्या टँकरचा रायवो.
‘अजून तेच?’
‘अजून तेच.’
‘फलक गार पडलाय. बघ तरी.’

ती बाहेर आली.
उजेड नाही म्हणून ऊब नाही,
ऊब नाही म्हणून काचेवर हिमाचा थर,
आणि त्या थरावर कोणीतरी बोटाने लिहिलेलं: ५:३५.
खाली दुसऱ्या कुणाच्या बोटाने: ६:५०.
त्याखाली, बुटक्या अक्षरांत, एक मासा.

ती आत गेली, बोटं काखेत धरून बसली थोडा वेळ.
मग तिने एक ओळ लिहिली.
नवं काही नाही, नुसती पाटी:
ज्याला जे हवं आहे ते तिकडे आहे.
एका रिकाम्या दारावर दुसऱ्या दाराचा पत्ता.
शेजारच्या फाईलमध्ये टीप:
‘ही पाटी का आहे मला माहीत आहे. काढू नका. लीवी, जानेवारी.’
पुढच्या अपडेटला ती पुसायला
एक सेकंदही लागणार नाही, हेही तिला माहीत आहे.

फलक उजळला.
क्षणभर दोन्ही ५:३५ एकावर एक,
एक सरळ, एक वाकडं;
मग वाकडं वितळून सरळाच्या अंगावरून ओघळलं.
मासा सगळ्यात शेवटी गेला.

बोटीने भोंगा दिला.
रायवो टँकर घेऊन चढला.
वर त्याने पाहिलंच नाही.