तिसऱ्या गाण्यातली शिट्टी

बँडचं नाव आम्ही चौघं चार तऱ्हांनी उच्चारायचो
आणि चारही चुकीच्या, हे फार उशिरा कळलं.
मी अजून माझ्याच तऱ्हेनं म्हणते.

लॅमिंग्टन रोडला, याझदीच्या अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या गाळ्यात
आज त्यांचा पहिला अल्बम आलाय, नव्यानं काढलेली तबकडी,
साडेचार हजार रुपये, पठारेच्या ग्रॅच्युइटीतून.
"सगळी खरखर काढून टाकलीय," तो सांगतो,
मुतखडा काढल्यासारखं.

कव्हरवर कुत्रा आहे.
पस्तीस वर्षं मी त्याला पिशवी समजत होते.
माझ्याकडे झेरॉक्सची झेरॉक्स होती,
लोखंडी जिना, आणि पायरीवर काहीतरी काळं.
पठारे म्हणतो, मी तेव्हाच कुत्रा म्हणालो होतो.
नव्हता म्हणाला. बकरी म्हणाला होता.

मग नेहमीचं सुरू.
ड्रमर कच्चा आहे, केसभर मागे राहतो.
कच्चा आहे म्हणूनच तर, याझदी सोल्डरिंगची कांडी हलवत म्हणतो,
दुसऱ्या अल्बमला पैसे आले नि साल्यांचे कान गेले.
मी म्हणते, गायक बघा, इथे त्याला अजून माहीत नाही
की लोक ऐकणार आहेत;
पुढे प्रत्येक ओळीत तो आरशात बघतो.
मेल्विन काही बोलत नाही.
पिनवरची धूळ फुंकतो.

मूळ तबकडी त्याच्या मामाची. मामा बोटीवर फिटर,
हॅम्बुर्गहून आणलेली, आठच दिवसांसाठी.
माझगावात, माथारपाखाडीच्या त्या लाकडी घरात
स्पीकरसमोर स्टुलावर टू-इन-वन ठेवला,
लाल बटण दाबलं, आणि सगळ्यांना तोंड मिटायची शपथ घातली.
कुकरला कोण शपथ घालणार?

तिसऱ्या गाण्यात, गिटार एकटी उरते तिथे
शिट्टी होते.
आणि आतून मेल्विनची आई:
"गॅस बंद कर गो, फिलू."

त्या कॅसेटवरून याझदीची, याझदीच्या कॅसेटवरून पठारेची,
माझी पाचवी की सहावी.
डॉकयार्डपासून भायखळ्यापर्यंत निदान तीस घरांत
हा अल्बम असाच पोचला, शिजत्या डाळीसकट.
कॉलेजात एक मुलगा होता, पोंक्षे,
त्यानं मला तासभर समजावलं होतं
की तो कारखान्याचा भोंगा आहे, हे गाणं मजुरांचं आहे
आणि मागचा बाईचा आवाज उलटा वाजवून ऐकायचा असतो.
मी मान डोलावली. तो दिसायला बरा होता.

आता पिन टेकते.
पहिलं गाणं स्वच्छ. दुसरं स्वच्छ.
बेसच्या तारेवरून बोट सरकल्याचंसुद्धा ऐकू येतं.
तिसऱ्यात गिटार एकटी उरते
आणि आम्ही चौघं एकाच वेळी
माना वर करतो.

काही होत नाही.
गिटार वाजत राहते, आणि किती वेळ वाजते ती!
एवढी मोकळी जागा होती तिथे, हे कुणाला माहीतच नव्हतं.

पठारे खाकरतो.
"ही ओरिजिनल आहे," तो म्हणतो,
पण बिल खिशात परत ठेवतो, दुमडून, अगदी लहान करून.

मेल्विनच्या घरी आईचे फोटो आहेत, लग्नाचे, फिलूच्या कम्युनियनचे.
आवाज कुठे नाही.
मी विचारत नाही. माझ्या कपाटात, हिवाळी कपड्यांखाली
ती कॅसेट आहे, फीत चिकटलेली असेल,
आणि सहाव्या कॉपीत तिचं 'गो' तेवढं नीट ऐकू यायचं.

"ड्रमर मागे राहत नाय," मेल्विन अखेर बोलतो,
"कुकर उतरायची वाट बघते तो."
याझदी हसतो, मग हसायचा थांबतो,
आणि वरच्या फळीवरून जुना डेक काढायला स्टूल ओढतो.

शिट्ट्या दोन होत्या, पठारे म्हणतो.
तीन, मेल्विन म्हणतो.
दोन रे, मी हजारदा ऐकलंय.
घर कोणाचा होता? तीन.
शटर अर्धं खाली आलंय, बाहेर कुणी पंख्याचा कपॅसिटर मागतंय,
आणि याझदी वरून ओरडतो,
अरे, बेल्ट तुटलाय, कोणाकडे रबरबँड आहे का?